जोडीतली उरलेली

डबल्स खेळणाऱ्यांच्या किश्श्यांची एक अडचण आहे. ते अर्धेच आपल्याकडे असतात.

साठतात भरपूर. आठवड्यातले सहा दिवस एकाच माणसाबरोबर वीस बाय बावीस फुटांत, म्हणजे आमच्या करंजाड्याच्या फ्लॅटमधल्या हॉलपेक्षा जरा मोठ्या जागेत, हातात रॅकेट घेऊन पळायचं. किस्से न झाले तरच नवल. पण सांगायला बसलं की शेजारून कुणीतरी "तसं नाही झालं, आधी तू पडलीस" म्हणायला लागतं. त्याशिवाय रंगत येत नाही. गेली जवळजवळ दोन वर्षं मी हे किस्से एकटीच सांगतेय. ऐकणारी एकच, माझी चौदा महिन्यांची लेक इरा, आणि तिला शेवटाआधी झोप लागते.

म्हणून लिहून काढतेय. कोण आधी पडलं यात कुठे अदलाबदल झाली असेल, तर दुरुस्त करणारी इथे नाही. ती म्हणजे मानसी. सहा वर्षं माझी पार्टनर. हल्ली दुसरीबरोबर खेळते. मला तिला एक प्रश्न विचारायचा आहे, साधा, पाच शब्दांचा: "परत माझ्याबरोबर खेळशील का गं?" तो अजून विचारलेला नाही. बाकीचं सगळं सांगते.

*

आम्ही दोघी मुळात सिंगल्सच्या. पनवेलला पाटकर सरांकडे बॅडमिंटन शिकायचो, पण मी सकाळच्या बॅचला, ती संध्याकाळच्या. एकदा जिल्ह्याच्या स्पर्धेत दोघी पहिल्याच फेरीत हरलो आणि हॉलच्या पायरीवर शेजारी शेजारी केळी खात बसलो. सर बाहेर आले. आमच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं.

"तुम्हाला एकेकटीला हरायला वीस मिनिटं लागतात," ते म्हणाले. "एकत्र हरा. निदान अर्धा तास तरी लागेल."

आमच्या कारकिर्दीची सुरुवात ही अशी झाली. उगाच कुणी प्रेरणादायी वगैरे विचारू नये.

पहिल्याच सरावात मधोमध आलेल्या एका शटलवर दोघी धावलो. शटल बाजूला राहिलं आणि माझी रॅकेट मानसीच्या भुवईवर बसली. रक्त. रिक्षा. दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी तीन टाके घातले, मला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लोटून मानसीला हळूच विचारलं, "घरी काही त्रास आहे का? घाबरू नका. मला सांगितलंत तरी चालेल."

मानसी म्हणाली, "घरी नाही. ती बाहेर बसलीय ना, तीच. आणि सर म्हणतात, हिच्याबरोबरच आयुष्य काढायचंय."

*

आमच्यात काळजी करायचं खातं माझ्याकडे होतं. सामना नऊला असला की मी साडेसहाला हॉलवर. रस्ता बंद असला तर? रॅकेटची तार तुटली तर? हॉलच सापडला नाही तर? मानसी डोळे मिटून मागून यायची.

विदर्भातल्या एका गावी आम्ही अशाच अंधारात पोचलो. थंडी मरणाची. वॉचमनने कुलूप उघडलं, आम्हा दोघींकडे बघितलं आणि कोपऱ्यातले दोन झाडू आणून आमच्या हातात दिले.

"आज दोघीच का? रोज चौघी असतात."

मी 'अहो, आम्ही खेळाडू आहोत' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात मानसीने झाडायला सुरुवातसुद्धा केली होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "गप झाड. वॉर्म-अप होतोय."

चारही कोर्ट झाडली. वर ओला मॉप मारला. नऊ वाजता त्यातल्याच एका कोर्टवर आम्ही एकवीस-नऊ, एकवीस-अकरा अशा हरलो.

बाहेर पडताना वॉचमनने अगदी आपुलकीने विचारलं, "ताई, उद्या किती वाजता येणार?"

मानसी म्हणाली, "आम्हाला आजच काढलं, काका."

*

नंतर जिंकायलाही लागलो. सांगायचं राहू नये म्हणून सांगते. राज्यात दुसऱ्या नंबरपर्यंत गेलो, नॅशनलच्या मेन ड्रॉमध्ये खेळलो, एका कंपनीने खेळाडू म्हणून करार केला. करार कसा, तर एकच पत्र, दोन नावं, मध्ये 'व'. मी ते पत्र इतक्या वेळा वाचलं की मला त्या 'व'बद्दलसुद्धा काळजी वाटायला लागली.

राज्य स्पर्धेत फायनलला गेलो तेव्हा पेपरात पहिल्यांदा फोटो आला. मोठा, रंगीत. त्यात मानसी हवेत, केस उडालेले, तोंड उघडं. आणि डाव्या कडेला एक कोपर. खाली ओळ: 'अंतिम फेरीत धडक मारणारी मानसी व सहकारी'.

मानसीने ते कात्रण हॉलच्या फळ्यावर टाचलं. पेनने कोपराकडे बाण काढला आणि लिहिलं, 'मुग्धा. ही नसती तर मी खाली आले नसते.' कुणाला काही कळलं नाही. मी ती ओळ रोज येताजाता वाचायचे.

माझ्या आईने मात्र पेपर डोळ्यांजवळ धरून बराच वेळ निरखला. म्हणाली, "कोपर तुझंच. लिंबू चोळ, लिंबू चोळ म्हणून कधीची सांगतेय."

*

माझा नवरा अमेय मूळचा उरणचा. घरची होडी होती, आता तो द्रोणागिरीला कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. त्याची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अजून उरणच्या बाजारात मासे विकायला बसतात. सून बॅडमिंटन खेळते याचं त्यांना काही वाटलं नाही. फक्त विचारलं, "रोज?"

लग्नातली गोष्ट. डबल्समध्ये एक नियम असतो. पार्टनर पुढे गेली की आपण मागे जायचं, ती डावीकडे सरकली की आपण उजवीकडे. विचार करायचा नाही, जागा रिकामी ठेवायची नाही. सहा वर्षांत हे पायांत मुरतं.

स्टेजवर अमेय कुठल्याशा मामांच्या पाया पडायला पुढे झाला. मी मागे सरकले. तो डावीकडच्या आत्याकडे वळला. मी उजवीकडे गेले. शालू, हिरवा चुडा, गुडघे किंचित वाकलेले. फोटोग्राफर "वहिनी, जवळ या, अजून जवळ" म्हणून घसा कोरडा करतोय, आणि अमेय जेवढा जवळ येतोय तेवढी मी लांब. मला हे कळतच नव्हतं. मला वाटत होतं, आपण छान उभ्या आहोत.

मंडपात कुजबुज सुरू झाली. सासूबाई पहिल्या रांगेतून उठल्या. "अगो, पोरगी मागं मागं कुठं चाललीय? तिला आमचा पोरगा पसंत हाय ना?"

खालून मानसी ओरडली, "काकू, काळजी नको. ती मागची बाजू सांभाळतेय."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि खाली बसल्या. "मंग ठीक हाय. याला मागचं कायपन दिसत नाय."

*

इरा येणार हे सगळ्यात आधी मानसीला कळलं. मी सांगितलं नव्हतं.

सरावात ती समोरून स्मॅश मारायची आणि मी अडवायचे. चौथ्या दिवशी तिने मध्येच थांबून रॅकेट खाली ठेवली आणि जाळीपाशी आली.

"डॉक्टरकडे गेलीस?"

"कशाला?"

"तीन दिवस खांद्यावर आलेलं तू सरळ जाऊ देतेस, आणि पोटावर आलेलं दोन्ही हातांनी अडवतेस. कशाला म्हणे."

मी अजून अमेयलाही सांगितलं नव्हतं. टेस्टचं किट घरी कपाटात, रुमालांच्या खाली होतं. आम्ही दोघी जाळीच्या दोन बाजूंना उभ्या राहून रडलो. सर लांबून बघत होते. त्यांना वाटलं, भांडण झालं. जवळ आले, कारण ऐकलं, घसा साफ केला.

"किती महिने?"

"दुसरा चालू आहे, सर."

"तो नाही विचारला. परत यायला किती?"

मला तेव्हा काय झालं कोण जाणे. मी मानसीकडे वळून म्हटलं, "माझ्यासाठी थांबू नकोस हं."

असं म्हणायची एक रीत असते. आपण म्हणायचं आणि समोरच्याने 'वेडी आहेस का' म्हणायचं. त्यासाठीच तर आपण म्हणतो.

मानसी म्हणाली, "बरं."

तिचंही चुकलं नाही. सहा वर्षं मी तिच्याशी कोर्टवर खरं तेच बोलत आले होते. खोटं बोलले तर ओळखायची तिला सवयच नव्हती.

*

मानसीची नवी पार्टनर ऋचा. ठाण्याची, एकवीस वर्षांची, माझ्यापेक्षा वीतभर उंच. सर म्हणाले, "तात्पुरती व्यवस्था." तात्पुरत्या व्यवस्थेने पहिल्याच स्पर्धेत सेमी-फायनल गाठली.

मी तेव्हा आठव्या महिन्यात होते. मानसीला अभिनंदनाचा मेसेज लिहायला बसले. पहिला फार लांब झाला. दुसऱ्यात 'मिस करते' आलं, ते खोडलं. तिसरा वाचून मलाच वाटलं की ही बाई रागावलेली दिसते. शेवटी एक अंगठा पाठवला.

दोन तासांनी उत्तर आलं. अंगठा.

इरा झाली तेव्हा मानसी दवाखान्यात आली होती. पाळण्याजवळ बराच वेळ उभी राहिली. इराची मूठ उघडून तिची बोटं बघितली, मनगट बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. मीही तयारीत होते.

"पकड चांगली आहे," ती म्हणाली आणि सरावाला गेली.

*

अमेय सकाळी सातला निघतो. मग सातव्या मजल्यावर आम्ही दोघीच. खिडकीतून लांबचे डोंगर दिसतात आणि खाली पार्किंगमध्ये कोण कुठे निघालंय ते दिसतं. इरा झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघते. मग बोटाला कळला नसेल म्हणून आरसा धरते. मग आरशाने तिला जाग येते. आमची सकाळ अशी भरगच्च असते.

डबल्समध्ये प्रत्येक पॉइंटनंतर पार्टनरच्या हातावर हात टेकवायचा असतो. मिळाला तरी, गेला तरी. गेला तर जास्तच. एका सामन्यात शंभरेक वेळा होतं हे. खेळ थांबला, पण हात थांबला नाही. इराने वाटी संपवली की माझा उजवा हात आपोआप बाजूला जायचा, तळवा वर. तिथे फ्रिज.

नऊ महिन्यांच्या लशीला तिला घेऊन गेले. मी तिचे पाय घट्ट धरले, डॉक्टरांनी सुई टोचली, ती रडली, थांबली. सगळं कसं नीट, पहिल्या फटक्यात. आणि माझा हात गेला की पुढे. डॉक्टरांच्या समोर. तळवा उघडा.

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. प्रिस्क्रिप्शन ठेवलं. हात तसाच. लशीचं कार्ड ठेवलं. हात तसाच, कारण आता तो मागे घ्यायचा कसा हेच मला सुचेना. शेवटी त्यांनी ड्रॉवर उघडला आणि न रडणाऱ्या मुलांना देतात तो ताऱ्याचा स्टिकर माझ्या तळव्यावर चिकटवला.

मी घरी येऊन तो फ्रिजवर लावला. अमेयने विचारलं, "इराला मिळाला?"

"नाही, मला."

त्याने जेवण संपवलं, ताट उचललं. मग म्हणाला, "कशाबद्दल?"

*

इरा अकरा महिन्यांची झाल्यावर मी पुन्हा हॉलवर जायला लागले, दुपारी, कोर्ट रिकामं असतं तेव्हा. सिंगल्सवाला निदान एकटा सर्व्हिस करत बसू शकतो. डबल्सच्या बाईने एकटीने काय करायचं? अर्धं कोर्ट झाकायचं आणि अर्ध्याची वाट बघायची.

सासूबाई आठवड्यातून दोनदा उरणहून येतात, मासे घेऊन. एक दिवस मी त्यांना नि इराला सोबत नेलं. इरा चटईवर. सासूबाई खुर्चीवर. थोडा वेळ माझी एकटीची पळापळ त्यांनी पाहिली आणि उठल्या.

"काय देयाचं तुला?"

"आई, ही शटलं जाळीवरून माझ्याकडे टाकायची. एकामागून एक."

त्यांनी पदर खोचला. आणि काय टाकली! तीस वर्षं गिऱ्हाइकाच्या पिशवीत नेम धरून मासा टाकलेला हात तो. डावीकडे, उजवीकडे, जाळीला लागून, एकदा तर मी वळायच्या आत मागे. मला घाम फुटला. त्यांचा मात्र मूळ मुद्द्यालाच आक्षेप होता.

"मी देतंय आणि तू माज्याच अंगावर मारतंस. मंग देऊ कशाला?"

मी फोन लावून ठेवला होता. तो व्हिडिओ पाटकर सरांना पाठवला. म्हटलं, माझे पाय बघून काही सांगतील. सरांचं उत्तर पाच मिनिटांत आलं: 'फीडिंग कोण करतंय? सकाळच्या बॅचला येतील का?'

घरी जाताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "त्या मानसीला ईचार ना."

"नको आई. तिची जोडी जमलीय. नाही म्हणाली तर?"

"नाय बोलली तं नाय. आता तरी काय हो बोललीय?"

*

राज्य स्पर्धेची एन्ट्री ऑनलाइन असते. पहिल्या चौकोनात आपलं नाव, दुसऱ्यात पार्टनरचं. दुसरा चौकोन रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही. मी सवयीने मानसीचं नाव टाइप केलं. लाल अक्षरांत उत्तर आलं, 'या खेळाडूची नोंद आधीच झालेली आहे.' ते मला माहीत होतं. तरी लाल अक्षरांत वाचताना वेगळं वाटतं.

खाली एक छोटी चौकट असते: पार्टनर रिक्वायर्ड. ज्यांना कुणी नाही, त्यांच्यासाठी. अशा दोन नावांची आयोजक परस्पर मोट बांधतात. आम्ही दोघी पूर्वी यादीत ती नावं वाचून हसायचो. हसायला नको होतं. मी चौकटीत खूण केली.

माझ्या वाट्याला आल्या वैशालीताई. साताऱ्याच्या, बँकेत नोकरी, वय अडतीस. स्पर्धेच्या दोन दिवस आधी त्यांचा फोन आला.

"तू डावीकडे खेळतेस की उजवीकडे?"

"कुठेही चालेल मला."

"मलाही कुठेही चालतं. म्हणजे दोघी मधे उभ्या राहणार आपण." मग त्यांनी विचारलं, "तुझी आधीची पार्टनर?"

"खेळते. दुसरीबरोबर."

"चालायचंच. माझी बदली होऊन गेली. पार्टनर आणि ब्रँच मॅनेजर, या दोन गोष्टी टिकत नाहीत बघ."

*

यंदाची स्पर्धा आमच्याच हॉलमध्ये होती. पहिली फेरी मी आणि वैशालीताई जिंकलो. कसं, ते विचारू नका. समोरच्या जोडीतही दोघी पार्टनर रिक्वायर्डवाल्या होत्या. दुसऱ्या फेरीचा कागद लागला आणि त्यावर समोर नावं होती मानसी आणि ऋचा.

पाटकर सर एका बाजूला बसेनात, दुसऱ्या बाजूलाही बसेनात. "चहा घेऊन येतो" म्हणून गेले.

जाळीपाशी हात मिळवायला आलो. मी तो प्रश्न आदल्या दिवशी आरशासमोर म्हणून पाहिला होता. आता नाही तर कधी, असं मनात म्हटलं. मानसीचा हात हातात होता. तोंड उघडलं.

"शटल आज स्लो वाटतायत ना?" मी म्हटलं.

"थोडीशी," मानसी म्हणाली.

पहिला गेम त्यांचा. दुसरा आमचा, कारण वैशालीताईंची सर्व्हिस बँकेच्या रांगेसारखी होती, पुढे सरकायचीच नाही, आणि ऋचा कंटाळून घाई करायला लागली. तिसऱ्या गेममध्ये अठरा-अठरा. सासूबाई इराला कडेवर घेऊन उभ्या. माझ्या पायांत गोळे.

आता एक सांगायला हवं. डबल्समध्ये डोक्यावरून मागे जाणारं शटल घ्यायचं की जाऊ द्यायचं, हे ज्याला मारायचंय त्याला कळत नाही. त्याची नजर वर असते. ते दुसरीने बघायचं आणि 'घे' किंवा 'सोड' म्हणायचं. आमच्यात हे काम माझं. मी सगळ्याचीच काळजी करणारी, त्यात मागच्या रेषेचीही. सहा वर्षांत मानसीने मागची रेषा एकदाही वळून पाहिली नसेल. मी म्हणायचे आणि ती रॅकेट खाली घ्यायची, चालू फटक्यातसुद्धा.

अठरा-अठराला मी एक उंच शटल मारलं. त्यांच्या कोर्टात, मानसीच्या डोक्यावरून, मागे. ऋचा पुढे जाळीपाशी होती. मानसी पाठीमागे सरकली, डावा हात वर, उजवा कोपरात दुमडलेला. अशी मी तिला किती हजार वेळा पाहिलीय. आणि मला वाटलं, शटल बाहेर जातंय.

"सोड!"

मी ओरडले. मी. जाळीच्या या बाजूने.

मानसीने रॅकेट खाली घेतली.

शटल तिच्यामागे पडलं. रेषेच्या आत, चांगलं वीतभर. माझा अंदाज चुकला होता.

अंपायरनी पॉइंट आम्हाला दिला. वैशालीताई माझ्याकडे बघत राहिल्या. ऋचा तरातरा खुर्चीपाशी गेली. "सर, समोरून ओरडल्या त्या! हा फॉल्ट आहे. मुद्दाम लक्ष विचलित केलं."

तिचं बरोबर होतं. मी रॅकेटच्या तारा सरळ करायला लागले.

अंपायर खुर्चीतून पुढे वाकले आणि मानसीला विचारलं, "समोरच्या खेळाडूच्या ओरडण्यामुळे तुम्ही शटल सोडलंत का?"

"नाही सर," मानसी म्हणाली. ती अजून मागच्या रेषेवर पडलेल्या त्या शटलकडे बघत होती. "पार्टनरने सोड म्हटलं, म्हणून सोडलं."

अंपायरनी ऋचाकडे पाहिलं.

"मी?" ऋचा म्हणाली. "मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही."